मंदाच्या न ठरलेल्या गोष्टी

रविवारी सकाळी फोनवर मंदाचं नाव उमटलं तेव्हा मी परबकाकांच्या केसचं पहिलं वाक्य पुन्हा एकदा खोडत होते. आदल्या संध्याकाळी तिचा निरोप आला होता, "पहिलं वाक्य बदल. वाचताना जांभई आली." म्हणून फोन उचलता उचलताच मी म्हटलं, "बदलतेय गं बाई, जरा दम धर." पलीकडून तिच्या भावाचा, सुभाषचा आवाज ऐकू आला. पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं, रिक्षा मिळाली, मुलुंडमध्येच तर जायचं होतं, पण पोचेपर्यंत... मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. नंतर मी जे केलं त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी परत टेबलाशी बसले आणि ते वाक्य बदललं. बदलून झाल्यावर ते तिला पाठवायचं म्हणून फोन हातात घेतला, तेव्हा कुठे मला कळलं की काय झालंय.

मंदा सरवदे आणि मी अंधेरीतल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात शेजारच्या टेबलांवर बसायचो. ती साठा, उत्पादन, पुरवठा असले विषय शिकवायची. मी मुलांना नीट लिहायला आणि नीट बोलायला शिकवते. या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध नाही, आणि आमच्या स्वभावांचाही नव्हता. आम्हाला जोडलं ते केस लिहिण्याच्या कामाने. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : केस म्हणजे एखाद्या धंद्याची खरी गोष्ट. पाच-दहा पानांत मांडलेली. तिच्यात एक माणूस असतो, त्याच्यासमोर दोन वाटा असतात, आणि कुठली धरायची हे त्याला ठरवायचं असतं. गोष्ट तिथेच थांबते. पुढे काय झालं ते लिहायचं नसतं, कारण पुढचं मुलांनी वर्गात भांडून ठरवायचं. आमच्याकडे बहुतेक प्राध्यापक परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या तयार केसेस वापरतात. मंदाला ते पटायचं नाही. "विमान कंपनीच्या मालकाचं काय ठरत नाही ते या पोरांना काय कळणार? यांच्या बापाचं काय ठरत नाही ते विचार ना," म्हणायची.

पण अशा गोष्टी शोधायच्या कुठे, हा प्रश्न असतो. मी सुरुवातीला वर्तमानपत्रातली कात्रणं काढून तिच्या टेबलावर ठेवत असे. ती एक नजर टाकायची आणि परत द्यायची. "हे पेपरात आलंय म्हणजे ठरून गेलंय गं. शिळं आहे. आपल्याला अजून न ठरलेलं पाहिजे." न ठरलेलं शोधायची तिची पद्धत एवढी साधी होती की मला आधी ती पद्धत वाटलीच नाही. ती भेटेल त्याला विचारायची, "तुमचं सध्या काय ठरत नाहीये?" कसं चाललंय, धंदा काय म्हणतो, हे विचारायची नाही. त्याला लोक 'ठीक' म्हणतात आणि संपतं. या प्रश्नावर मात्र माणसं आधी थबकायची, मग हसायची, आणि मग बोलायलाच लागायची. दाताच्या डॉक्टरला तिने तोंडात कापूस असताना हे विचारलं होतं. पुतणीच्या लग्नात ती ऐन जेवणाच्या वेळी गायब झाली. सगळे शोधतायत, आणि ही हॉलच्या मागे उलट्या पातेल्यावर बसून केटररशी बोलतेय. त्याला पंगत बंद करून सगळं बुफे करायचं होतं, पण वाढणाऱ्या बायका त्याच्या गावच्या होत्या, त्यांना नाही कसं म्हणायचं ते त्याचं ठरत नव्हतं. पुतणी रुसली. मंदा तिला म्हणाली, "अगं, तुझं ठरलं ना? मग आता मला या बिचाऱ्याचं बघू दे."

दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ती पिशवी उचलायची. "चल गं कासवा, भाजी आणू." कासव मी, कारण मी सावकाश लिहिते, सावकाश चालते. आणि भाजी म्हणजे केसचा विषय. कॉलेजच्या मागून एमआयडीसीच्या गल्ल्या सुरू होतात. लेबलं छापणारे, रबराच्या चकत्या कापणारे, औषधांची खोकी बनवणारे. त्या गल्ल्यांतून ती मंडईत हिंडावं तशी हिंडायची. शटर अर्धं खाली असेल तर वाकून आत बघायची. एकाच दारात दोन वेगळ्या कंपन्यांच्या पाट्या दिसल्या, नवं यंत्र आणून प्लास्टिकखाली झाकून ठेवलेलं दिसलं, की ती थांबायची. "हे बघ, घेतलंय आणि चालू केलं नाही. इथे काहीतरी अडलंय." मला लाज वाटायची. मी चार पावलं मागे, पर्स छातीशी धरून, जणू काही मी तिच्याबरोबर नाहीच. पंधरा मिनिटांनी ती बाहेर यायची ती चहाचा कप हातात घेऊन, आणि आतला माणूस मला पण हाक मारायचा, "या ना मॅडम, तुम्ही का उन्हात?"

भाजी ती आणायची, फोडणी मी द्यायची. ही वाटणी कधी बोलून झाली नव्हती. तिला लिहायचा कंटाळा होता, मला अनोळखी माणसाशी बोलायचा. भांडणं व्हायची ती शेवटावरून. मी पुस्तकांत वाढलेली. मला गोष्टीला शेवट लागतो. केसच्या अखेरीस मी हळूच एखादा परिच्छेद घालायचे, त्या माणसाने मान खाली घालून खिडकीबाहेर पाहिलं वगैरे, आणि त्यातून तो काय ठरवणार हे जरासं सुचवायचे. ती पेनाने सरळ आडवी रेघ मारायची. "तुला ना शेवट करायची खोड आहे."

"पण पुढे काय झालं ते तुला तरी जाणून घ्यावंसं वाटत नाही?"

"वाटतं की. पण मला कळलं की मी वर्गात त्याच बाजूने बोलणार. मग पोरं कशाला डोकं चालवतील?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. तरी मी अस्वस्थ व्हायचे ती व्हायचेच. बोरिवलीला घरी परतताना डोक्यात ते केटरर, ते खोकीवाले, सगळे आपापल्या दोन वाटांच्या तोंडाशी उभे असायचे... आणि तिथून कोणी हलायचंच नाही.

परबकाका आम्हाला सापडले ते केस शोधताना नाही. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाटक होतं आणि सिंहासन हवं होतं. कोणीतरी अंधेरीतलंच एक गोदाम सुचवलं. मालिका आणि सिनेमांच्या शूटिंगला सामान भाड्याने देणारं. शूटिंगवाले अशा माणसाला प्रॉपर्टीवाला म्हणतात. आत गेलो तर एका बाजूला पांढरे शुभ्र सोफे, काचेची टेबलं, सोनेरी आरसे, सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. दुसऱ्या बाजूला तबकडीचे फोन, टंकलेखन यंत्रं, पत्र्याच्या ट्रंका, भिंतीवरची घड्याळं, कोर्टातली बाकं. मंदा सिंहासन विसरली आणि वेताच्या बैठकीच्या एका खुर्चीवर जाऊन बसली. खुर्ची जुनी सागवानी, तिचा डावा हात कधीतरी मोडून नवा बसवलेला, फिक्या लाकडाचा. मंदा कुठल्याही खुर्चीवर टेकल्यासारखी बसे, कडेला, पिशवी मांडीवर, आत्ता उठायचंय अशी. तशीच बसली.

"ओ बाई, उठा. उद्या शूटिंगला जायची आहे ती," आतून आवाज आला. परबकाका मालवणकडचे. मुंबईत जन्म गेला तरी रागावले किंवा खूश झाले की मालवणी बाहेर येते.

"उठते. पण आधी सांगा, तुमचं सध्या काय ठरत नाहीये?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने दुसरीकडे पाहिलं. मग ते एका ट्रंकेवर बसले. "ह्या तुमका कोणी सांगितला?" म्हणाले, आणि सगळं बाहेर आलं. जागामालकाला दिवाळीच्या आत अर्धं गोदाम परत हवं होतं. म्हणजे अर्धं सामान काढायला हवं. कुठलं अर्धं? सोफे रोज जातात, घर त्यांच्यावर चालतं. पण तसले सोफे या भागात आणखी चौघांकडे आहेत. जुनं सामान महिनोन् महिने धूळ खातं, पण ज्याला लागतं त्याला दुसरीकडे कुठे मिळत नाही. मुलगी म्हणत होती, भंगारात द्या. "सोफ्याचो माका राग येता," काका म्हणाले, "पण पोट तोच भरता."

मंदाचे डोळे चमकले. तिला हवं तसं होतं सगळं : एक माणूस, दोन वाटा, आणि दोन्ही बाजूंना खरी कारणं. त्यानंतर आम्ही तिथे बऱ्याचदा गेलो. माझ्या माघारी ती एकटीही जायची, असं काका नंतर म्हणाले. काही विचारायची नाही म्हणे. नुसती त्या खुर्चीत बसायची, चहा घ्यायची आणि निघायची. मला तिने हे कधी सांगितलं नव्हतं.

तिच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही त्यांची परवानगी घ्यायला गेलो. तुमची गोष्ट वर्गात शिकवू का, नाव बदलू का, असं विचारावं लागतं. काका लगेच हो म्हणाले. "शिकवा की. मी थांबलोय ना त्याच्यासाठी. मुलीला पण सांगितलं, कॉलेजात काय ठरतं ते बघू, तोवर कशाला हात लावायचा नाही. भंगारवाल्याला परत पाठवला."

मंदा हसली. तिला वाटलं, ते थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते. एवढी शिकलेली माणसं चौकशी करतायत, तासन् तास बसतायत, लिहून घेतायत, म्हणजे अखेरीस उत्तर देणारच, असा त्यांचा साधा समज होता. आणि आम्ही दोघींनी, एवढी वर्षं लोकांना प्रश्न विचारत हिंडणाऱ्या बायांनी, कोणी आमच्या उत्तरासाठी थांबून राहील असा विचारच केला नव्हता.

बाहेर पडल्यावर ती मेट्रोच्या जिन्याशी थांबली. "अनघे, या माणसाने आपल्यावर टाकलं गं."

"वर्ग झाला की मुलांचं म्हणणं कळवू त्यांना."

"मुलं काय, निम्मी इकडे निम्मी तिकडे. ते घेऊन तो काय करणार?" मग म्हणाली, "या वेळी आपण आधी ठरवू या का? खरंच ठरवू या. त्याला सांगू या."

मला धक्का बसला. "तू? तू शेवट करणार?"

"चिडवू नकोस यार. मला दोन दिवस दे. सोमवारी सांगते."

रविवारी सुभाषचा फोन आला.

तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नव्हते. पुस्तकांचं कपाट लावलं, ते मोडून परत लावलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बस जरा, भोवऱ्यासारखी फिरत्येस." माणूस गेल्याचं दुःख मला कळतं, आईवडील गेले तेव्हा ते भेटलेलं आहे, ते माणसाला खाली बसवतं. हे तसं नव्हतं. ती सोमवारी काय सांगणार होती? सोफे की जुनं? तिच्याबरोबर एवढी वर्षं काढून मला अंदाजसुद्धा करता येत नव्हता. कधी वाटे, साठा शिकवणारी बाई ती, न खपणारं सामान ठेवा असं कशी म्हणेल. कधी त्या खुर्चीतली ती डोळ्यासमोर येई...

मुलुंडला मंदाच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. त्रिसरण-पंचशील झालं, एकेक जण फोटोला फूल वाहून मागे सरकत होता. तेवढ्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले परबकाका दिसले. त्यांनी फूल वाहिलं, हात जोडले आणि सरळ माझ्याकडे आले.

"बाई, त्या काय बोलल्या होत्या काय? कुठलं अर्धं?"

शेजारच्या बायकांनी चमकून पाहिलं. सुभाषही बघत राहिला. मला मात्र बरं वाटलं, हे कोणाला विचित्र वाटेल. सकाळपासून सगळे मला विचारत होते, किती वय होतं, आधी काही त्रास होता का. त्या घरात मंदाचं अर्धवट राहिलेलं काम विचारणारा हा एकच माणूस होता.

"नाही हो काका. सोमवारी सांगणार होती."

"मग आता?"

"वर्ग मी घेते," मी म्हटलं. बोलून तर गेले, पण मी असला वर्ग कधी घेतला नव्हता. मी लिहिणारी. वर्गात उभी राहून दोन्ही बाजूंना पेटवणारी ती.

वर्ग झाला. काका मुलीला घेऊन आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मुलांना मी ते कोण आहेत हे सांगितलं नाही. घाटकोपरची एक मुलगी, घरात तीन पिढ्यांचं दुकान, ती तडक म्हणाली, "मॅडम, जुनं सगळं काढा. जागा ही सगळ्यात महाग वस्तू आहे." एक मुलगा म्हणाला, "सोफा कोणीही देईल. याची ओळखच जुन्या सामानाची आहे." "ओळखीने रिक्षाचं भाडं भागतं का?" "आणि उद्या पांढऱ्या सोफ्यांची फॅशन गेली तर?" "तर निळे घेईल!" वर्ग हसला. एकाने हा सगळा धंदाच बंद करून जागा पूर्ण सोडावी असं सुचवलं, तेव्हा मागून आवाज आला, "तुझ्या बापाक सांग बंद करूक!" सगळे वळून बघायला लागले. मग त्यांची ओळख करून द्यावीच लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका उठून उभे राहिले, टाळ्यांकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मग? काय ठरलं?"

मंदाने अशा वेळी खडू ठेवला असता आणि म्हटलं असतं, "ते तुम्ही ठरवायचं." मी गेले काही दिवस त्यांच्यासाठी एक छान शेवटचा परिच्छेद तयार करत होते, दोन्ही बाजू तोलून, कोणाला न दुखवणारा. तो माझ्या हातात होता. तो मला मोठ्याने वाचवेना.

"काका," मी म्हटलं, "मंदाने काय ठरवलं होतं ते मला माहीत नाही. कधी कळणारही नाही. मला विचाराल तर जुनं ठेवा. पण त्याला व्यवहाराचं काही कारण नाही. त्यात ती खुर्ची आहे, एवढंच."

काकांच्या मुलीने खाली पाहिलं. काका मात्र मला निरखत होते.

"म्हणजे तुमी पण माझ्यासारख्याच," ते म्हणाले. "मगे माका कशाक इतके दिवस थांबवलात?" त्यांनी चष्मा खिशात घातला. "बरं झालं. आता माझं मी बघतो."

ते गेले. मला वाटलं, आपण सगळं बिघडवलं. मंदाची केस मंदाच्या पद्धतीने संपवता आली नाही आणि माझ्याही नाही.

दिवाळी झाल्यावर मी एकटीच त्या गल्लीत गेले. पर्स छातीशी धरून, वाकून, अर्ध्या शटरखालून आत पाहिलं. मधोमध प्लायवूडची भिंत उभी होती. अलीकडे ट्रंका, घड्याळं, कोर्टाची बाकं, सगळं एकावर एक रचलेलं. सोफा एकही नाही.

"या बाई. सोफे साडूने नेले, गोरेगावला," परबकाका म्हणाले. "त्याचे त्याने फिरवावेत. कोणी मागितले तर आणून देतो म्हणाला. मुलगी बोलत नाय माझ्याशी आठवडाभर."

"बरोबर केलंत असं वाटतं?"

"कुणाक ठाऊक! चुकलं तर पुढल्या वर्षी परत येतो तुमच्या वर्गात."

मी हसले आणि सवयीने खुर्चीच्या जागेकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. माझा चेहरा पाहून ते घाईने म्हणाले, "शूटिंगला गेलीय हो! ह्या महिन्यात दोनदा गेली." मग त्यांनी माझ्यासाठी एक ट्रंक पुढे ओढली, चहा सांगितला, आणि मांडीवर हात ठेवून, आपण हे कोणाकडून उचललंय याचा पत्ताही नसल्यासारखं विचारलं, "मग बाई, तुमचं काय ठरत नाय सध्या?"

एवढ्या वर्षांत मंदाने मला हे अनेकदा विचारलं होतं. मी दरवेळी म्हणायचे, काही नाही. त्या ट्रंकेवर बसून मी पहिल्यांदा उत्तर दिलं. कॉलेजात पुढल्या सत्रासाठी नव्या केसेस हव्या आहेत, शोधणारी गेली, मला लोकांशी बोलता येत नाही, हे काम सोडावं की काय ते ठरत नाहीये. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सल्ला दिला नाही. चहा थंड झाला तेव्हा दुसरा सांगितला.

आता मी संध्याकाळी घरी आले की पर्सही न ठेवता सासूबाईंच्या शेजारी बसून मालिका बघते. आधी कधी बघत नव्हते. माणसांकडे माझं लक्ष नसतं, मी मागचं सामान बघते. परवा एका वकिलाच्या घरातला प्रसंग होता, आणि ती दिसली. सागवानी, डावा हात फिका. तिच्यात एक गृहस्थ ऐसपैस पाठ टेकून, पाय पसरून बसले होते. असं बसतात का त्या खुर्चीत... मी पुढे सरकले.

"महिना झाला बघ," सासूबाई नायिकेकडे बोट दाखवत वैतागून म्हणाल्या, "हिचं काही ठरतच नाही!"

मला हसू आलं, आणि ते थांबेना. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. पडद्यावर ते गृहस्थ उठून दाराकडे गेले. कॅमेरा जागचा हलला नाही, खुर्ची क्षणभर तशीच राहिली, रिकामी, आणि जाहिराती सुरू झाल्या. मी पाहिलं तर मी स्वतः सोफ्याच्या अगदी कडेला आले होते, मांडीवर पर्स, आत्ता उठायचंय अशी.